हरला की मशीन, जिंकला की जनता

आमच्या कट्ट्यावर ईव्हीएम हे आता यंत्राचं नाव राहिलेलं नाही, क्रियापद झालंय. कटिंग सांगितला आणि फुल आला की "चहाचं ईव्हीएम झालं". पंढरपूरची म्हणून गाडीत बसावं आणि ती निघावी सांगोल्याला, की "ईव्हीएम एसटी". एकाच्या घरी मुलीसाठी स्थळं बघणं चाललंय. मुलीने पसंती एकाला सांगितली, आईने फोन लावला दुसरीकडेच. लगेच कोणीतरी म्हणालं, "बटण कुठलंही दाबा, मत वहिनींच्या माहेरालाच."

हसलो सगळे. विनोद चांगलाच आहे. पण गेली दोन वर्षं या विषयावर आमच्याकडे जेवढं हसून झालंय त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही बोलून झालेलं नाही, म्हणून आज जरा लांब लिहितोय. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. (सेव्ह केलेलं कोणी वाचत नाही हे मलाही माहीत आहे.)

माझी ओळख नसलेल्यांसाठी: मी सोलापूर जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. गणित शिकवलं. आणि शिक्षक म्हटला की निवडणुकीला सरकार धरून नेतंच, त्यामुळे पाच निवडणुका मतदान केंद्रावर काढल्या, त्यातल्या तीन केंद्राध्यक्ष म्हणून. आता पेन्शनीत आहे, बोलायला मोकळा. कुठल्या पक्षाचा ते विचारू नका. कट्ट्यावर दोन्ही बाजूंचे लोक मला समोरच्या बाजूचा समजतात, तेवढं पुरे.

तर, 4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या 48 पैकी महाविकास आघाडीला 30, महायुतीला 17. त्या दिवशी आमच्या तात्यांनी सगळ्यांना चहा पाजला. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, हिशेबाला पक्के. म्हणाले, "मास्तर, जनतेला येडं समजू नका." पाच महिन्यांनी 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल. 288 पैकी भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. तात्या दोन दिवस कट्ट्यावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मशीन घेऊनच.

बरं, दुसऱ्या बाजूला आमचे विमा एजंट. जूनमध्ये त्यांच्या मते हीच जनता खोट्या प्रचाराला भुलली होती. नोव्हेंबरात तीच जनता "सुज्ञ मतदार" झाली. जनता तीच, तालुका तोच, बहुतेक मतदार यादीही तीच.

हे आजचं आहे असं समजू नका. या देशात मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते मे 1982 मध्ये, केरळातल्या परवूर विधानसभा मतदारसंघात, 84 पैकी 50 केंद्रांवर. मतदानाच्या आधीच कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार सिवन पिल्लै कोर्टात गेले होते की हे यंत्र नको. कोर्टाने अडवलं नाही. निकाल लागला आणि गंमत म्हणजे पिल्लैच जिंकले, 123 मतांनी. मग कोण गेलं कोर्टात? हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस! पिल्लैंची तक्रार तिथेच विरघळली आणि जोस यांची सुरू झाली. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, त्या 50 केंद्रांवर पुन्हा मतपत्रिकेने मतदान घ्या. घेतलं. जोस जिंकले. पहिल्याच यंत्राच्या पहिल्याच निवडणुकीत आमच्या कट्ट्याचा अख्खा वाद होऊन गेलेला आहे.

2009 ची लोकसभा भाजप हरला तेव्हा शंका अडवाणींनी काढली होती. 2010 मध्ये त्याच पक्षाच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी या यंत्रांच्या विरोधात आख्खं पुस्तक लिहिलं, प्रस्तावना अडवाणींची. त्यावेळी यंत्राची बाजू कोण घेत होतं हे तुम्हीच आठवा. हे मी कट्ट्यावर सांगतो तेव्हा तात्याही गप्प बसतात आणि एजंटही. दोघांच्याही कामाचं नाही ना.

आता तंत्राकडे येऊ. आमच्यातला तंत्रज्ञ म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा, माझाच विद्यार्थी. त्याचं म्हणणं, "गुरुजी, चिप म्हटलं की काहीपण होतं. ब्लूटूथने होतं." मी त्याला म्हटलं, ज्या यंत्रात ब्लूटूथ नाही तिथे ब्लूटूथने कसं होईल? आयोगाचं म्हणणं सरळ आहे: यंत्र स्वतंत्र आहे, कशाला जोडलेलं नाही, वायफाय नाही, इंटरनेट नाही. घरी बसून कोणी लॅपटॉपवरून आपल्या शाळेतलं यंत्र फिरवतंय, ही गोष्ट सिनेमातली.

पण पोरगा अगदीच चूक नाही. 2010 मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद आणि त्यांच्यासोबत अमेरिका आणि नेदरलँड्सचे दोन संशोधक यांनी एक खरंखुरं ईव्हीएम मिळवून दाखवलं होतं की यंत्र हातात आलं तर काय करता येतं. आकडे दाखवणारा भाग बदलून तिथे स्वतःचा बसवला, आणि त्यात खरोखरच ब्लूटूथ होतं. यंत्र कुठलं होतं? आपल्या मुंबईच्या कस्टम हाऊसच्या गोदामातलं. त्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हैदराबादेत जाऊन हरी प्रसादांना अटक केली. आयोगाचं उत्तर होतं की यंत्र असं कोणाच्या हाती लागतच नाही, सील असतात, पहारा असतो. उत्तर बरोबर आहे, फक्त ते एक यंत्र हाती लागलेलं होतं एवढी बारीक अडचण.

मग जून 2017 मध्ये आयोगाने राजकीय पक्षांना बोलावलं, या, करून दाखवा. यंत्राच्या आतलं काही बदलायचं नाही ही अट. आले दोनच पक्ष, राष्ट्रवादी काँग्रेस आणि माकप, आणि दोघांनीही हॅक करायचा प्रयत्न न करता यंत्र समजून घेतलं आणि परत गेले. एजंट हा किस्सा रंगवून सांगतात, "बोलावलं तर कोणी गेलं नाही!" तात्यांचं उत्तरही तयार असतं, "कुलूप उघडायला बोलावलं आणि कुलपाला हात लावू नका म्हणाले." दोन्ही विनोद झकास. इथे एक टाळी, तिथे एक टाळी, आणि वाद संपला.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. "हॅक होतं की नाही" हा प्रश्न कट्ट्यावर कधीच सुटणार नाही, कारण आपल्यापैकी कोणीच ते यंत्र उघडून बघणार नाही. सुटण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: यंत्राने सांगितलेला आकडा आपल्याला ताडून बघता येतो का? आणि किती?

केंद्रावर काय होतं ते सांगतो, कारण यावर सगळ्यात जास्त विनोद करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते पाहिलेलं नसतं. मतदान सातला सुरू. आम्ही साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतो, मॉक पोल. किमान 50 मतं. प्रत्येक उमेदवाराचं बटण दाबायचं, नोटाचंही. मग यंत्राचा निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या मोजायच्या, जुळवायच्या. जुळलं की यंत्रातली ती मतं पुसायची, चिठ्ठ्या बाहेर काढून त्यांच्यावर शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. थंडीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, रात्रभर डास खाल्लेली पाच माणसं हे करतात. प्रतिनिधी जांभया देत असतात. पुष्कळदा सहा उमेदवारांपैकी दोघांचेच प्रतिनिधी वेळेवर आलेले असतात. (एका वेळी एक प्रतिनिधी मॉक पोललाही स्वतःच्या पक्षाशिवाय दुसरं बटण दाबायला तयार नव्हता. म्हणाला, हाताला सवय नको.)

दिवस संपला की "क्लोज" बटण दाबायचं. त्यानंतर यंत्र मत घेत नाही. मग "टोटल" बघायची, रजिस्टरमधल्या सह्या-अंगठ्यांशी जुळवायची आणि नमुना 17 सी भरायचा: या केंद्रावर, या क्रमांकाच्या यंत्रात, इतकी मतं. त्याची सही केलेली प्रत प्रत्येक हजर प्रतिनिधीला द्यायची. नोव्हेंबर 2024 मध्ये जो मोठा गदारोळ झाला, संध्याकाळी पाचला 58.22 टक्के आणि शेवटी 66.05 कसे, त्याचं उत्तर टीव्हीवर नव्हतं, या कागदात होतं. पाचचा आकडा तोंडी विचारून गोळा केलेला असतो. मतदान सहापर्यंत आणि रांगेत उभ्या असलेल्यांचं त्यानंतरही चालतं. वाढ एवढी का, हे विचारण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे. पण ते ताडायचं तर प्रत्येक केंद्राचा 17 सी घेऊन मोजणीच्या आकड्याशी लावून बघायचा. रात्री दहाच्या चर्चेत तो कागद मी कोणाच्या हातात पाहिला नाही.

इथपर्यंत मी यंत्रणेच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. थांबा.

एका निवडणुकीत एक तरुण मत देऊन बाहेर आला आणि माझ्या टेबलापाशी थांबला. हळू आवाजात म्हणाला, "सर, मी दाबलं एक आणि चिठ्ठीवर दुसरंच दिसल्यासारखं वाटलं." चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. आत अंधूक उजेड, माणूस घाईत. चुकीचंही दिसलं असेल, बरोबरही दिसलं असेल. यासाठी नियम आहे, 49 एमए. मतदाराकडून लेखी घ्यायचं, मग सगळ्यांसमोर त्याला चाचणी मत देऊ द्यायचं. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबतं. खोटी निघाली तर त्याच्यावर गुन्हा. मी त्याला नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. "गुन्हा" शब्दाला त्याचा चेहरा बदलला. "जाऊ द्या सर, माझाच घोळ झाला असेल." गेला.

दुपारी शाळेच्या फाटकाबाहेरून हसण्याचा मोठा आवाज आला. आमचा शिपाई सांगत आला, तो पोरगा बाहेर गोष्ट सांगतोय, "काहीही दाबा, आत बसलेली बाई स्वतःच ठरवते!"

मला त्या विनोदाचा राग आला नाही. आत विचारायची भीती वाटली म्हणून त्याने बाहेर विनोद केला. लोक म्हणतात ना, या गोष्टींची चेष्टा करू नका, लोकशाहीवरचा विश्वास उडतो. उलट आहे. चेष्टा करायची सोय आहे तोवर माणूस निदान शंका बोलून तरी दाखवतो. नुकसान होतं ते पुढे. विनोदावर सगळे हसतात आणि त्याच्या पोटातला प्रश्न तसाच घरी जातो. त्या पोराची शंका खरी होती की खोटी, हे आजही कोणाला माहीत नाही. त्याचं मत असलेली चिठ्ठी मात्र त्या पेटीत पडलेली होती.

ती चिठ्ठी मोजली जाते का? हे ऐका, कारण इथे माझा विषय येतो.

2013 मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने व्हीव्हीपॅट आवश्यक ठरवलं, टप्प्याटप्प्याने का होईना पण आणा म्हणून. एप्रिल 2019 मध्ये कोर्टाने सांगितलं, प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडा आणि त्यांच्या चिठ्ठ्या मोजा. विरोधी पक्षांनी निम्म्या केंद्रांच्या मागितल्या होत्या, मिळाल्या पाच. 26 एप्रिल 2024 च्या निकालातही कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. विधानसभेनंतर आयोगाकडून सांगण्यात आलं की महाराष्ट्रात 288 गुणिले पाच, म्हणजे 1440 यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि एकातही फरक निघाला नाही.

तात्या म्हणाले, "एक लाख केंद्रं, त्यातली चौदाशे. शंभरात दीड पण नाही. हे काय मोजणं झालं?"

एजंट म्हणाले, "तात्या, शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला का बघायला सगळा भात चिवडतात का?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. तीस वर्षांत वर्गात कोणी एवढा चांगला प्रश्न काढला नव्हता. दोघेही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांना.

समजा, अख्ख्या राज्यात कोणीतरी गडबड केली, शंभरात फक्त एका यंत्रात. तरी 1440 यंत्रं अशी उचलून तपासल्यावर त्यातलं एकही हाती न लागण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी. कॅल्क्युलेटरवर 0.99 चा 1440 वा घात करून बघा. म्हणजे "सगळं राज्यच मशीनने फिरवलं" हा जो दावा आहे, आमच्या कट्ट्याचा आवडता, तो या 1440 समोर टिकत नाही. शितं 1440 आहेत, भात शिजलाय. तात्या, राग मानू नका.

पण निवडणूक राज्याची नसते, एकेका मतदारसंघाची असते. भात एका पातेल्यात नाही, 288 पातेल्यांत आहे, आणि प्रत्येक पातेल्यातून शितं उचलली पाचच. धरा की एका मतदारसंघात 350 केंद्रं आहेत आणि कोणी त्यातल्या दहाच ठिकाणी काहीतरी केलं. जिथे हजार-दोन हजारांनी निकाल लागतो तिथे दहा पुष्कळ झाली. पाच केंद्रं उचलली तर त्यातलं एकही सापडणार नाही याची शक्यता किती? शेकडा 86. शंभरातल्या 86 वेळा चोर सुटला. एजंटसाहेब, हे पातेलं तुमचं.

मी असं कुठे झालं म्हणत नाहीये. झालं असतं तर आपल्याला कळलं असतं का, एवढंच विचारतोय. सोपी वाट आहे: फरक कमी असेल तिथे जास्त चिठ्ठ्या मोजा. फरक लाखाचा, तर पाच पुरेत. फरक पाचशेचा, तर सगळ्या मोजा. एका यंत्राच्या चिठ्ठ्यांना सुमारे तासभर लागतो. निकाल दोन दिवस उशिरा लागेल. मतदान आणि मोजणी यांच्यात लोकसभेला काही ठिकाणी सहा-सहा आठवडे थांबतोच की आपण!

आता मारकडवाडी. आपल्याच जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं गाव, डिसेंबर 2024 मध्ये देशभर गाजलं. तिथे गावाच्या मतमोजणीत भाजपचे राम सातपुते यांना 1003 आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तमराव जानकर यांना 843 मतं निघाली. गावकरी म्हणाले, आमचं गाव असं मतदान करूच शकत नाही. त्यांनी ठरवलं की 3 डिसेंबरला आपल्या खर्चाने, मतपत्रिका छापून, गावातच पुन्हा मतदान घ्यायचं. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलीस आले, मतदान रद्द झालं, गुन्हेही दाखल झाले. आणि यात खरी गंमत अशी की जानकर ती निवडणूक जिंकलेले होते! "हरला की मशीन" हा आमचा नियम इथे मोडला. जिंकलेलाच म्हणत होता, मोजून बघा.

कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणे नौटंकी, दुसरे म्हणे क्रांती. मला दोन्ही पटलं नाही. गावकऱ्यांच्या त्या मतदानाने काहीच सिद्ध झालं नसतं. 20 नोव्हेंबरला गुपचूप दिलेलं मत आणि 3 डिसेंबरला अख्खा देश बघत असताना दिलेलं मत ही एक गोष्ट नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पण जमावबंदीने तरी काय सिद्ध झालं? ज्याची गरज होती ते तर कुलपात तयार पडलेलं होतं. त्या गावच्या मतदारांनी स्वतःच्या डोळ्यांनी सात सेकंद पाहिलेल्या चिठ्ठ्या. दोन हजारांच्या आतबाहेर. शाळेच्या दोन वर्गांच्या उत्तरपत्रिका तपासायला मला याहून जास्त वेळ लागायचा.

नियमात वाट नाही असंही नाही. 56 डी नावाचा नियम आहे. मोजणीच्या वेळी उमेदवार लेखी अर्ज करून एखाद्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायला सांगू शकतो. मान्य करायचं की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा वेगळा आला तर कायद्याने चिठ्ठीचाच धरला जातो. ही ओळ पुन्हा वाचा. कायदाच सांगतोय की यंत्र आणि कागद भांडले तर कागद मोठा. मग कागद मोजायला एवढा जीव का जातो? निकाल जाहीर झाल्यावर मात्र ही वाट बंद. मग हायकोर्टात निवडणूक याचिका, 45 दिवसांत, आणि त्यानंतर तारखा.

मोजू दिलं की काय होतं त्याचं उदाहरणही आहे. हरियाणात पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू नावाचं गाव. नोव्हेंबर 2022 मध्ये सरपंचपदाची निवडणूक, एका केंद्राच्या आकड्यावरून वाद. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये यंत्रं दिल्लीला मागवून कोर्टाच्या आवारात रजिस्ट्रारसमोर, व्हिडिओ लावून मोजणी झाली. निकाल फिरला. आधी हरलेला उमेदवार 51 मतांनी जिंकला. दोषी कोण? यंत्राने मतं बरोबर ठेवली होती, घोळ माणसांनी आकडे मांडताना केला होता. हे उदाहरण मी सांगितलं तर एजंट खूश, "बघा, मशीन बरोबर!" तात्याही खूश, "बघा, निकाल चूक होता!" पहिल्यांदा दोघं एका वेळी खूश झाले. चहाचे पैसे त्या दिवशी कोणी द्यायचे यावर मात्र एकमत झालं नाही.

पावणेतीन वर्षं सरपंचाच्या खुर्चीत भलताच माणूस बसून राहिला, हे आम्ही कोणी बोललोच नाही.

जर्मनीत 3 मार्च 2009 ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, कसलंही खास तांत्रिक ज्ञान नसताना, ताडून बघता आले पाहिजेत. तिथे वापरलेली यंत्रं त्या कसोटीला उतरत नव्हती. विशेष म्हणजे यंत्रांत गडबड झाल्याचा पुरावा नव्हता आणि आधीचा निकालही रद्द केला नाही. "गडबड सिद्ध करा" असं कोर्टाने तक्रारदाराला म्हटलं नाही. "ताडून दाखवता येतंय का" असं यंत्राला विचारलं. मी काही जर्मनीचं सगळं चांगलं म्हणणाऱ्यातला नाही, आपल्याकडे मतदार किती आणि त्यांच्याकडे किती. मतपत्रिकेवर परत जा असंही म्हणणार नाही. पेट्या पळवलेल्या आणि शिक्के मारलेल्या रात्री ज्यांनी पाहिल्यात त्यांना विचारा. पण प्रश्न कोणाला विचारायचा, तो त्यांनी बरोबर विचारला.

आणि आपण काय करतोय? ऑगस्ट 2025 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने सांगून टाकलं की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसेल. बहुसदस्यीय प्रभागांची तांत्रिक अडचण. म्हणजे जिथे दहा-वीस मतांनी निकाल लागतो, जिथे उमेदवार आपल्या गल्लीतला असतो आणि हरल्यावर पुढची पाच वर्षं रोज तोंड बघायचं असतं, तिथे कागदच नाही. त्या दिवशी कट्ट्यावर याच्यावर एकही विनोद झाला नाही. बातमी फारशी कोणी वाचलीच नव्हती.

जाता जाता माझ्या शेवटच्या केंद्रावरची गोष्ट. संध्याकाळी सगळं बंद करून मी 17 सीच्या प्रती हातात घेऊन उभा. दोन प्रतिनिधी चारलाच जेवायला गेले ते आलेच नाहीत. एक फोनवर, "कोण येतंय, कोण येतंय" यात गुंग. एकाला हाक मारून बोलावलं, सही घेतली, प्रत दिली, सांगितलं की बाबा, हा तुमच्या पक्षाच्या कामाचा कागद आहे, जपून ठेव. त्याने चार घड्या घालून पँटच्या खिशात टाकला. निकालानंतर आठवड्याने एसटी स्टँडवर भेटला. मशीनवर तावातावाने बोलत होता. म्हटलं, अरे, तो 17 सी आहे ना तुझ्याकडे, तुमच्या केंद्राचा आकडा लाव की त्याच्याशी. म्हणाला, "सर, तो पँटीबरोबर धुवायला गेला."

वॉशिंग मशीनने खाल्ला.

तर मंडळी, 2024 ला तुमच्यापैकी कोणी कुठल्याही पक्षाचा मतदान प्रतिनिधी असेल आणि 17 सीची प्रत घरात सापडली, तर तुमच्या केंद्राच्या मतमोजणीच्या आकड्याशी लावून बघा. जुळलं तरी कमेंटमध्ये सांगा, नाही जुळलं तरी सांगा. पक्षाचं नाव नको, केंद्र क्रमांक आणि दोन आकडे पुरेत. हसण्याच्या इमोज्या टाकायच्या असतील तर टाका, पण आकड्यांच्या खाली.